बकुलची वही

‘बकुलकथा’ माझ्या कपाटात दीड वर्ष न उघडता पडून होती. विकत घेतली ती दिवाळीत, आणि पहिले पान उलटले ते त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात. मधल्या काळात मी इतर वीस-पंचवीस पुस्तके वाचून संपवली, या पुस्तकावरची धूळ दोन-तीनदा झटकली, एकदा तर त्याला खाकी कव्हरही घातले. तेव्हा नवऱ्याने विचारले, “परीक्षेला लागलंय का हे?” मी काही बोलले नाही, कारण जे खरे उत्तर होते ते मोठ्याने सांगायला मला संकोच वाटत होता. मला त्या घरातून बाहेर पडायचे नव्हते.

घर म्हणजे आशापूर्णा देवींच्या तीन कादंबऱ्यांतले घर. ‘प्रथम प्रतिश्रुती’ 1964 साली आली, ‘सुवर्णलता’ 1967 साली आणि ‘बकुलकथा’ 1974 साली. आई, तिची मुलगी आणि त्या मुलीची मुलगी अशा तीन पिढ्यांची ही गोष्ट आहे. ती एकोणिसाव्या शतकातल्या बंगालच्या एका खेड्यात सुरू होते आणि स्वातंत्र्यानंतरच्या कोलकात्यात संपते. मला बंगाली वाचता येत नाही. तिन्ही पुस्तके मी हिंदी अनुवादातून वाचली. नागपुरात वाढलेल्या माणसाला हिंदी वाचणे जड जात नाही, आणि बंगालीतले शब्द हिंदीत फारसे न मोडता येतात, हा एक फायदाच म्हणायचा. मराठी वाचकाला बंगाली घरे तशी परकी नाहीत. मामा वरेरकरांनी बंगाली कादंबरीकार शरच्चंद्रांना मराठीत आणले, त्या पुस्तकांवर आमच्या आजीची पिढी पोसली गेली. आशापूर्णा देवींकडे मात्र मी फार उशिरा, चाळिशी ओलांडल्यावर पोहोचले, आणि तेही वाचनालयात दुसरेच पुस्तक शोधत असताना.

पहिल्या पुस्तकातली सत्यवती आठ-नऊ वर्षांची आहे. तिचे वडील रामकाली हे पंचक्रोशीत दबदबा असलेले कविराज, म्हणजे आपल्याकडचे वैद्य. आठव्या वर्षी मुलीचे लग्न करून त्यांनी गौरीदानाचे पुण्य पदरात पाडून घेतलेले आहे. मुलगी अजून माहेरीच आहे. ‘अष्टवर्षा भवेत् गौरी’ हे वचन आपल्याकडच्या जुन्या माणसांनाही पाठ होतेच. ही सत्यवती बायकोला मारणाऱ्या नात्यातल्या एका पुरुषावर टिंगलीचे कवन रचते, गावातल्या पोरांकडून ते म्हणून घेते आणि स्वतः साळसूदपणे उभी राहते. मग एके दिवशी ती ताडाच्या पानावर अक्षरे गिरवताना सापडते. तिला कुणी शिकवलेले नाही. मुलगे गिरवत होते, ते बघून बघून तिने उचललेले आहे. घरातल्या बायकांचा थरकाप होतो, कारण लिहिणाऱ्या बाईचे कपाळ फुटते हे त्यांना पक्के ठाऊक आहे. प्रकरण वडिलांसमोर जाते. ती पोर त्यांना विचारते, की बायकांनी विद्येला हात लावायचा नाही तर विद्येची देवता बाई कशी? रामकाली हा माणूस सहसा निरुत्तर होत नाही. इथे तो गप्प होतो, आणि त्या गप्प होण्यातून मुलीच्या शिक्षणाची वाट उघडते.

हा प्रसंग वाचताना मी वाचनालयाच्या बाकावरच बसून राहिले होते. घरी न्यायची नोंद करायचीही शुद्ध राहिली नव्हती. पुस्तकाच्या जोरापेक्षाही त्यात वेगळेच कारण होते. माझी आजी बोट ठेवून वाचायची. वर्तमानपत्राचा मथळा ती एकेका अक्षरावर थांबत, ओठ हलवत वाचायची, आणि आम्ही नातवंडे तिला हसायचो. ती कशी शिकली, हे आम्ही कधी विचारले नाही. ती गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी आईकडून कळले, की भावाच्या पाटीवरची अक्षरे बघून ती लिहायला शिकली होती. पाटी तिला स्वतःची अशी कधी मिळालीच नाही.

आशापूर्णा देवींचे स्वतःचे बालपणही याच जातीचे होते. त्यांचा जन्म 1909 साली कोलकात्यात झाला आणि आजीच्या सक्त मनाईमुळे त्या कधीही शाळेत गेल्या नाहीत. भाऊ पुस्तक घेऊन वाचायला बसत, तेव्हा त्या समोर बसून ऐकत आणि बघत. त्यामुळे पहिली अक्षरओळख झाली ती उलट्या अक्षरांची. आई सरलासुंदरी मात्र पुस्तकांची वेडी होती आणि घरात मासिके येत असत. तेराव्या वर्षी पहिली कविता छापून आली, पंधराव्या वर्षी लग्न झाले. संसार सांभाळून त्यांनी आयुष्यभर लिहिले. ‘प्रथम प्रतिश्रुती’साठी 1976 सालचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला आणि तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या लेखिका ठरल्या. यात मला नेहमी खुपत आलेली एक गोष्ट आहे. पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली 1848 मध्ये, आणि कोलकात्यात बेथून साहेबांची शाळा 1849 मध्ये. इतिहासाच्या पुस्तकात ही सनावळी वाचून आपण पुढे जातो, जणू त्या दिवसापासून दारे उघडली. प्रत्यक्षात त्या शाळेच्याच शहरात साठ-पासष्ट वर्षांनंतर एक मुलगी समोर बसून उलटी अक्षरे शिकत होती. शाळा उघडण्याची तारीख आणि एखाद्या घराचा उंबरा ओलांडला जाण्याची तारीख यांच्यात जे अंतर राहते, त्याच अंतरात या तिन्ही कादंबऱ्या घडतात.

सत्यवतीची पुढची कहाणी थोडक्यात सांगते, कारण तिच्याशिवाय तिसऱ्या पुस्तकाबद्दल बोलताच येणार नाही. सासरी एलोकेशी नावाची सासू आहे, आणि नवकुमार नावाचा नवरा, जो वाईट नाही, फक्त कण्याशिवाय जन्मलेला आहे. सत्यवती त्याच्या जिवावरच्या आजारात साहेब डॉक्टर आणवते, मुलांच्या शिक्षणासाठी हट्ट धरून बिऱ्हाड कोलकात्याला हलवते आणि तिथे दुपारच्या वेळी इतर बायकांना शिकवायलाही जाऊ लागते. धाकटी मुलगी सुवर्णलता शाळेत जाते. सत्यवतीचे सारे आयुष्य जणू या एका मुलीच्या शिक्षणावर पैजेला लावलेले असते. आणि मग सुट्टीत गावी गेलेल्या त्या नऊ वर्षांच्या मुलीचे लग्न सासू परस्पर उरकून टाकते. सत्यवती पोहोचते तेव्हा लग्न लागून गेलेले असते. ती आकांत करत नाही. लग्नघराच्या दारातून ती गाडी वळवायला सांगते, संसार तिथल्या तिथे सोडते आणि काशीला, आपल्या वडिलांकडे निघून जाते.

आमच्या घरी यावर मोठा वाद झाला होता. आई म्हणाली, “पोरीला त्या लोकांच्या हाती टाकून ही कशी गेली?” मी सत्यवतीची बाजू घेतली, आणि आईचा प्रश्न बरोबर आहे हे मला ‘सुवर्णलता’ वाचताना कळले. आशापूर्णा देवींनीच तो प्रश्न सोडून दिलेला नाही. अख्खे दुसरे पुस्तक त्या प्रश्नावर उभे आहे. आईने टाकलेली मुलगी, जिची आई घर सोडून गेली ती मुलगी, हा शिक्का सुवर्णलता जन्मभर वागवते.

काळ लक्षात घेण्यासारखा आहे. 1889 साली कोलकात्यात फुलमणी दासी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या संगामुळे मेली. लहानपणी लावून दिलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंचा खटला मुंबईत नुकताच गाजून गेला होता आणि समाजसुधारक बेहरामजी मलबारींनी बालविवाहाविरुद्ध मोहीम उघडली होती. 1891 मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि शरीरसंबंधासाठी मुलीच्या वयाची दहाची मर्यादा बारा झाली. पुण्यात टिळकांनी त्याला केलेला विरोध मराठी वाचकाला माहीत आहे. कोलकात्यातही तितकाच गदारोळ झाला. त्या कायद्याने लग्ने थांबली नव्हती, कारण लग्नाच्या वयाबद्दल तो काही बोलतच नव्हता. सभांमधून आणि वृत्तपत्रांमधून ही लढाई चालू असताना स्वयंपाकघरात काय चालले होते, हे सांगायला कुणी वार्ताहर नव्हता. आशापूर्णा देवी ते काम करतात, आणि त्यासाठी त्यांना एकही मोठा नेता पानावर आणून उभा करावा लागत नाही.

‘सुवर्णलता’ हे माझे सर्वांत आवडते पुस्तक आहे आणि ते मी दुसऱ्यांदा वाचू शकेन असे मला वाटत नाही. नवे घर बांधायचे ठरते तेव्हा चौदा वर्षांची सुवर्ण नवऱ्याकडे एकच गोष्ट मागते: रस्ता दिसेल असा एक व्हरांडा. नवरा प्रबोध हो म्हणतो. हो म्हणणे त्याला सोपे वाटते, कारण घर बांधून होईपर्यंत तिने ते बघायचेच नसते. गृहप्रवेशाच्या दिवशी ही मुलगी खालीवर धावते, एकेक खोली उघडून बघते, पुन्हा जिन्याने वर जाते, पुन्हा खाली येते. व्हरांडा कुठेच नाही. भर गर्दीत ती एकटीच काहीतरी शोधते आहे आणि ती काय शोधते आहे हे फक्त एका माणसाला माहीत आहे, जो तोंड चुकवतो. एवढ्याच गोष्टीने सबंध पुस्तकाचा पाया घातला जातो. पुढे वर्षानुवर्षांचा संसार होतो, पोरेबाळे होतात, स्वदेशीचे वारे घरापर्यंत येते, प्रबोध दुसरे घर बांधतो. शेवटी सुवर्ण मरते ती दक्षिणेकडच्या व्हरांड्यात, आणि तो मिळालेला असूनही आपल्याला बरे वाटत नाही.

त्याहूनही जिव्हारी लागते ती तिच्या पुस्तकाची गोष्ट. सुवर्ण लपूनछपून आपल्या आठवणी लिहिते. नात्यातल्या जगू नावाच्या भल्या माणसाने छापखाना टाकलेला असतो, त्याच्याकडे ती वही विश्वासाने सोपवते. एके दिवशी गठ्ठे घरी येतात. रद्दी म्हणावा असा कागद, छपाईचे झिजलेले खिळे, ओळीओळीत मुद्रणदोष, कुठे अक्षर उठलेले नाही तर कुठे एका शब्दाचा भलताच शब्द झालेला. घरातली पुरुषमंडळी एकेक ओळ मोठ्याने वाचून दाखवतात आणि पोट धरून हसतात. तिच्या पोटची मुलेही त्यात आहेत. मी काही वर्षे एका संस्थेच्या त्रैमासिकाची मुद्रिते तपासण्याचे काम केले आहे, त्यामुळे चुकलेली वेलांटी किती हसू आणू शकते हे मला माहीत आहे. म्हणूनच तो प्रसंग मला मारहाणीच्या प्रसंगापेक्षा क्रूर वाटतो. जगूने फसवलेले नाही, तो बिचारा आपल्या परीने मदत करायला गेला. तिच्या आयुष्याची मांडणी तिच्या हातात नव्हती, तशीच अक्षरांची मांडणीही नव्हती. ती साऱ्या प्रती जाळते आणि त्याबरोबर हाताने लिहिलेले सारे कागदही.

तिच्या मृत्यूनंतर धाकटी मुलगी बकुल जगूकडे जाते, मूळ लिखाणातले काही उरले आहे का विचारायला. काहीही उरलेले नसते. परत येताना ती मनाशी आईला शब्द देते, की तुझे जळून गेलेले, हरवलेले लिखाण मी शोधून काढीन आणि न सांगितलेल्या साऱ्या गोष्टी सांगीन. तिथे दुसरे पुस्तक संपते.

आता कळेल, की तिसरे पुस्तक मी दीड वर्ष का उघडले नाही. दोन पिढ्यांचे देणे त्या बकुलच्या नावावर लिहिलेले होते. आजीला मिळाली नाही ती मुलगी, आईला मिळाला नाही तो व्हरांडा आणि ते पुस्तक, हे सगळे बकुलने वसूल करून आणायचे होते. माझ्या मनात मी ‘बकुलकथा’ जवळजवळ लिहूनच टाकली होती: नात मोठी लेखिका होणार, आईचे पुस्तक चांगल्या कागदावर, एकही मुद्रणदोष न राहता छापले जाणार, आणि शेवटच्या पानावर मी रडणार.

वाचायला घेतले आणि पहिल्या शंभर पानांत माझी घोर निराशा झाली.

बकुल लेखिका झालेली आहे, चांगली नावाजलेली आहे, पण ती ‘अनामिका देवी’ या टोपणनावाने लिहिते. लग्न तिने केलेले नाही. वडिलांच्या घराच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ती राहते. तिला सभांना बोलावतात, हार घालतात, तिच्याकडून लेख मागतात, तिच्याशी वाद घालतात. खाली भाऊ-भावजयांचा संसार चालू आहे आणि तिथे तिला मानही आहे आणि टोमणेही आहेत. पुस्तकभर माणसे येतात, बोलतात, तक्रारी करतात, जातात. काळ 1960च्या दशकाच्या आसपासचा आहे. शहर अस्वस्थ आहे, तरुण मुले चिडलेली आहेत, मुली नोकऱ्या करतात, लग्ने मोडतात. आणि लेखिका, जिने सत्यवतीला इतक्या मायेने वाढवले, ती या नव्या मुलींकडे भुवया उंचावून बघते आहे असे मला वाटत राहिले. त्यांच्या साड्या, त्यांची भाषा, पार्ट्या, सिनेमाची हौस, कशावरही ती शेरा मारल्यावाचून राहत नाही. काही पाने तर मला सरळ कंटाळवाणी वाटली आणि आजही वाटतात. यासाठीच का सत्यवतीने गाडी वळवली होती, हा लेखिकेचा प्रश्न आहे हे मला समजत होते, पण तो इतक्या वेळा विचारायची गरज नव्हती. पहिल्या दोन पुस्तकांत एक घर होते, त्याच्या भिंती होत्या, आणि भिंतीवर डोके आपटणारे कुणीतरी होते. इथे भिंतीच नाहीत, मग गोष्ट टेकवायची कुठे?

शंपा तेवढी मला आवडली. ही बकुलची भाची, म्हणजे भावाची मुलगी, तोंडाळ, प्रेमळ, कुणालाही न जुमानणारी. कारखान्यात काम करणाऱ्या सत्यवान नावाच्या मुलासाठी ती घर सोडते आणि पणजीसारखी कुठल्याही तत्त्वाची घोषणा न करता सोडते. आत्याशी ती ज्या बरोबरीने बोलते, ते वाचताना मजा येते. दुसरी आवडली ती पारुल, बकुलची मोठी बहीण, जी चंदननगरला गंगेकाठी एकटी राहते. या दोघी बहिणींमधला जिव्हाळा हा पुस्तकातला सर्वांत शांत भाग आहे. पण बकुल स्वतः? ती सतत दुसऱ्यांचे ऐकते आहे. पुस्तकाचे नाव तिच्यावर आणि पुस्तकभर ती पाहुण्यासारखी.

पुस्तक संपले तेव्हा मी रडले नाही. मला राग आला होता. आमच्या धंतोलीच्या जुन्या घराशेजारी एक बंगाली कुटुंब राहायचे; त्यांतल्या काकूंचा जन्मही नागपूरचाच, मराठी आमच्याहून अस्सल. या तीन पुस्तकांच्या वाचनात मला अडलेले सगळे शब्द मी त्यांच्याकडून समजून घेतले होते. ‘ठाकुरझी’ म्हणजे नणंद हे पहिल्यांदा त्यांनीच सांगितले. मी त्यांच्याकडे जाऊन तणतणले. म्हटले, “काकू, तीन पुस्तकं वाचली, आणि शेवटच्यात बकुलची गोष्टच नाही.”

त्या मटार सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “हो ना. नाहीच आहे. ती कुठे लिहिते?”

“मग नाव कशाला बकुलकथा?”

“अगं, तेच तर तिला सगळे विचारतात. तू नीट वाचलं नाहीस. तू सुवर्णलताचंच पुस्तक वाचत होतीस त्यात.”

एवढे बोलून त्यांनी माझ्यापुढे मटारच्या शेंगांचे ताट सरकवले. मला अपमान झाल्यासारखे वाटले, आणि त्या बरोबर बोलत होत्या.

काही आठवड्यांनी मी पुस्तक पुन्हा घेतले आणि या वेळी फक्त बकुलकडे बघत वाचले. तेव्हा दिसले, की ज्याला मी पोकळी समजत होते ती जागा लेखिकेने मुद्दाम, मोजून मोकळी ठेवली आहे. तरुणपणी शेजारच्या निर्मलवर बकुलचे प्रेम होते. त्याचेही तिच्यावर होते. घरच्या वडीलधाऱ्यांपुढे बोलण्याचा त्याला धीर झाला नाही, त्याचे दुसरीकडे लग्न झाले, आणि ती गोष्ट कुठलाही आवाज न होता संपली. अन्याय म्हणावा असे काही घडलेच नाही. कुणी तिला कोंडले नाही, मारले नाही, तिचे कागद जाळले नाहीत. अनामिका देवी हजारो पाने लिहिते, परक्या मुलींची दुःखे लिहिते, पण जवळची माणसे जेव्हा म्हणतात की आता बकुलबद्दल लिही, तेव्हा ती हसते आणि पुढे ढकलते. सत्यवतीला लिहू दिले जात नव्हते. सुवर्णलतेने लिहिले ते हसण्यावारी गेले. बकुलला खोली आहे, लेखणी आहे, प्रकाशक आहेत, वाचक आहेत, आणि तरीही एक गोष्ट लिहिता येत नाही, कारण तिच्यात भांडायला समोर कुणीच नाही. आपल्या आजीची, आईची लढाई ज्या ठसठशीत शब्दांत सांगता येते, ते शब्द स्वतःच्या गप्प राहिलेल्या आयुष्याला लावता येत नाहीत.

टोपणनावाचा अर्थही मला दुसऱ्या वाचनातच लागला. मी ते लेखिका मंडळींचे एक फॅड समजले होते. अनामिका, म्हणजे नाव नसलेली. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बकुल राहते आणि अनामिका लिहिते; दोघींची गाठ पडेल अशी व्यवस्था मात्र त्या घरात नाही. आणि नव्या मुलींवरचे ते शेरे? ते मला अजूनही खटकतात. फरक एवढाच, की आता ते मला लेखिकेचे न वाटता बकुलचे वाटतात, जिने निर्मलच्या वेळी काहीच मोडले नाही आणि जी आता समोर सारे काही मोडणाऱ्या शंपाला बघते आहे. त्या बघण्यात थोडा हेवा आहे. हे मी पुस्तकाच्या बाजूने जरा जास्तच बोलते आहे का, अशी शंका मलाही येते. पण पुस्तकाने तेवढी जागा दिलेली आहे.

शेवटचे पुस्तक संपल्यावर मी वाचनालयात जाऊन पहिले पुस्तक पुन्हा काढले, कारण मला एक गोष्ट पडताळून बघायची होती. ‘प्रथम प्रतिश्रुती’च्या अगदी सुरुवातीलाच निवेदिका सांगते, की सत्यवतीची ही गोष्ट तिने लिहिलेली नाही, बकुलच्या वहीतून घेतलेली आहे. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा ही बकुल कोण हे मला माहीत नव्हते, आणि कादंबऱ्यांत असे काहीबाही असतेच म्हणून मी पुढे गेले होते. बकुलने आईला दिलेला शब्द पाळल्याचा पुरावा मी तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर शोधत होते. तो पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर होता. जे लिखाण जळून गेले असे वाटले, तेच तर मी वाचत आले होते. 1964 साली हे वाक्य लिहिताना आशापूर्णा देवी पंचावन्न वर्षांच्या होत्या आणि बकुलचे पुस्तक यायला अजून दहा वर्षे होती. तेवढ्या वेळात त्या स्वतः पासष्टीला पोहोचल्या. वाचक मात्र दीड वर्ष थांबली तरी आपण फार वाट पाहिली असे समजते.

वाचनालयाच्या त्या प्रतीत मागच्या पानावरच्या चिठ्ठीत तारखांचे शिक्के आहेत, त्यांत माझा पहिला शिक्काही सापडला. मधल्या तीन-साडेतीन वर्षांत ते पुस्तक फक्त दोघांनी नेले होते. मी ते परत न ठेवता घरी आणले, आणि या वेळी मी ते वाचत नाही आहे. आई वाचते आहे. मागच्या वेळी तिने माझ्या तोंडून ऐकूनच वाद घातला होता आणि आता त्यातले तिला फारसे आठवत नाही. वयाचा तेवढा फायदा. मोठ्या भिंगाने, दिवसाला दहा-बारा पाने असे तिचे चालले आहे. सत्यवतीने साहेब डॉक्टर आणला त्या दिवशी ती दुपारची झोपली नाही. काल संध्याकाळी मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते, तेव्हा तिने बाहेरून हाक मारली.

“अगं, कोलकात्याला आल्या बाई एकदाच्या. मुलीलाही शाळेत घातलंय. आता तिचं तरी नीट होईल ना गं?”

मी म्हटले, “वाच तू पुढे.”